पस्तीस बाळंतपणे

४ डिसेंबर १८८४ रोजी जोतीराव फुले यांनी सक्तीच्या वैधव्यासंबंधी आपले मत इंग्रजीत लिहून दिले. बेहरामजी मलबारी यांच्या टिपणावर ठिकठिकाणच्या लोकांची मते मागवली होती, त्यांतले हे एक. त्या मतात मधेच एक छोटा हिशेब येतो. १८६३ पासून पुण्यातील आपल्या घराच्या आवारात पस्तीस गर्भवती विधवा येऊन बाळंत झाल्या. त्यांची पाच मुले जिवंत आहेत, तीस दगावली. दगावण्याचे कारणही जोतीरावांनी नोंदवले आहे: गर्भ लपवण्यासाठी आयांनी घेतलेली विषारी औषधे, आणि त्यामुळे पोटातच मुलांना झालेली इजा.

आज एखाद्या प्रसूतिगृहात पस्तीसपैकी तीस बालके गेली तर चौकशी समिती बसेल. तेव्हा मात्र ही पाच मुले जगली हेच नवल होते, कारण ती जन्माला येऊ नयेत म्हणून आधीच सगळे उपाय करून झालेले होते. जोतीरावांच्या आवारातील त्या खोल्यांत बाळंतिणींचे सगळे करण्याचा भार सावित्रीबाईंवर होता. मुलींची पहिली शाळा, अंगावर फेकलेले शेण, पिशवीतले दुसरे लुगडे ही त्यांची ओळख महाराष्ट्रातल्या प्रत्येक शाळकरी मुलाला आहे. बाळंतिणीच्या खोलीतल्या सावित्रीबाई त्या मानाने कमी माहीत आहेत. डॉक्टरच्या नजरेने पाहिले तर त्यांच्या आयुष्याचा तोच भाग सर्वांत विचार करायला लावणारा आहे.

३ जानेवारी १८३१ रोजी सातारा जिल्ह्यातील नायगावी खंडोजी नेवसे पाटील यांच्या घरी त्यांचा जन्म झाला. १८४० मध्ये लग्न झाले तेव्हा त्या नऊ वर्षांच्या होत्या, जोतीराव तेरा. जोतीरावांची आई चिमणाबाई ते तान्हे असतानाच गेली होती आणि सगुणाबाई क्षीरसागर या विधवा नातलग बाईने त्यांना वाढवले होते. आईवाचून वाढलेला मुलगा आणि त्याला आईची माया देणारी विधवा, हे दोन्ही सावित्रीबाईंनी सासरी आल्या दिवसापासून पाहिले. जोतीरावांनी त्यांना लिहायला-वाचायला शिकवले, १८४८ मध्ये भिडे वाड्यात शाळा निघाली, पुढच्या वर्षी सासऱ्यांनी दोघांना घराबाहेर काढले. हा सगळा इतिहास अनेकदा सांगून झालेला आहे.

१८५६ मध्ये सावित्रीबाई आजारी पडल्या आणि हवापालटासाठी नायगावला माहेरी गेल्या. तिथून १० ऑक्टोबरला जोतीरावांना लिहिलेले त्यांचे पत्र उपलब्ध आहे. बरे होऊन पुण्याला परतण्याची घाई, आपल्यामागे सगळे काम फातिमाला ओढावे लागत असेल याची काळजी आणि तुम्ही नवरा-बायको कुळाला बट्टा लावता म्हणून रागावणाऱ्या भावाला दिलेले उत्तर, एवढे त्यात आहे. आजारपणात माणूस सहसा स्वतःच्या दुखण्याबद्दल लिहितो. त्यांनी त्याबद्दल फार थोडे लिहिले. त्यांना स्वतःचे मूल झाले नाही. त्या काळात मूल नसण्याचा दोष बाईच्याच माथी मारला जाई आणि नवऱ्याचे दुसरे लग्न हा त्यावरचा सर्वमान्य तोडगा होता. जोतीरावांनी तो मानला नाही.

आता १८६३ सालाकडे यायला हवे. जोतीरावांचे स्नेही सदाशिव बल्लाळ गोवंडे यांच्या घरी काशीबाई नावाची तरुण ब्राह्मण विधवा स्वयंपाकाला होती. शेजारच्या एका शास्त्र्याने तिला भुलवले आणि तिला दिवस गेले. त्याच्याच सांगण्यावरून तिने गर्भ पाडण्यासाठी एकामागून एक औषधे घेतली. एकाही औषधाने गर्भ पडला नाही. नऊ महिने पूर्ण होऊन मुलगा झाला, तेव्हा अब्रूच्या भीतीने तिने सुरीने त्याचा जीव घेतला आणि प्रेत मागच्या विहिरीत टाकले. दोन दिवसांत पोलिसांनी तिला धरले. पुण्याच्या सत्र न्यायालयाने तिला जन्माचे काळे पाणी दिले. शास्त्र्यावर खटला झाला नाही.

भारतीय दंड संहिता अमलात येऊन तेव्हा जेमतेम वर्ष झाले होते. कायद्याच्या दृष्टीने हा साधा खून होता. बाळंतपणाच्या आगेमागे बाईच्या मनाचे काय होते, हा प्रश्न कोणी विचारला नाही. जगात तो विचारला जात नव्हता असे नाही. पाचच वर्षांपूर्वी, १८५८ मध्ये, पॅरिसमध्ये लुई व्हिक्टर मार्से या डॉक्टरने गरोदर, बाळंतीण आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांच्या मानसिक आजारांवर एक जाडजूड ग्रंथ लिहिला होता. इंग्लंडने १९२२ मध्ये नवजात बालकाच्या हत्येसाठी वेगळा कायदा केला आणि प्रसूतीमुळे आईच्या मनाचा तोल ढळलेला असू शकतो हे मान्य केले. भारतात तशी स्वतंत्र तरतूद आजही नाही. काशीबाईला आज बसून आजाराचे नाव देणे बरोबर होणार नाही. तिला घाबरून जायला पुरेशी खरीखुरी कारणे होती. पण नऊ महिने कोणालाही न सांगता पोटात मूल वाढवणारी, त्यातच विष घेणारी आणि शेवटी एकटीच बाळंत होणारी बाई धड मनःस्थितीत असेल, असे मानणारा डॉक्टर विरळा.

या खटल्यानंतर फुले दांपत्याने घराच्या आवारातच बालहत्या प्रतिबंधक गृह उघडले. त्याची जाहिरात छापून घेतली आणि ब्राह्मण वस्तीतल्या रस्त्यांच्या कोपऱ्यांवर, भिंतींवर ती डकवली. विधवेने इथे यावे, गुप्तपणे बाळंत व्हावे, मूल न्यावे की इथेच ठेवावे ते तिने ठरवावे, असा तिचा आशय. या गृहाला सरकारी मदत नव्हती, देणगीदारांची रांगही नव्हती. घर चालवणारी बाई तेव्हा बत्तीस वर्षांची होती आणि शाळेचे कामही करत होती.

इथे औषधांबद्दल थोडे सांगायला हवे. गर्भ पाडण्यासाठी त्या काळी काय घेतले जाई ते न्यायवैद्यकाच्या जुन्या पुस्तकांत सापडते: कण्हेरीचे मूळ, चित्रकाचे मूळ, पारा, सोमल. हे पदार्थ थेट गर्भावर काम करत नाहीत. ते बाईलाच विषबाधा करतात. आतडी, मूत्रपिंड आणि हृदय यांना इजा होते, आणि त्या हाहाकारात गर्भ कधी पडतो, कधी पडत नाही. पडला नाही तर तो धड राहिलेला नसतो. पारा वारेतून बाळापर्यंत पोचतो. आईला सतत उलट्या, जुलाब, रक्तस्राव झाला की बाळाचे पोषण तुटते. ते दिवस भरण्याआधी, वजनाने कमी असे जन्मते. शिवाय बाई गर्भ लपवत असल्याने पोट घट्ट बांधलेले, खाणे कमी, विश्रांती नाही.

जोतीराव डॉक्टर नव्हते. त्यांनी सगळे मृत्यू औषधांच्या माथी मारले, हे आजच्या डॉक्टरला थोडे घाईचे वाटेल. नाळ कापताना होणारा धनुर्वात, जंतुसंसर्ग, अपुऱ्या दिवसांचे बाळ ऊबदार ठेवायची सोय नसणे आणि आई निघून गेल्यावर वरच्या दुधावर वाढवण्याची वेळ, यांनीही त्यांतली अनेक मुले गेली असणार. त्या काळात चांगल्या घरातलीही कितीतरी मुले पहिले वर्ष पाहत नसत. तरीही जोतीरावांच्या निदानाचा गाभा खरा आहे, आणि तो त्यांना कोणत्याही पुस्तकाने शिकवलेला नव्हता. या बाया दारात येईपर्यंत उशीर झालेला असे. आधी औषध, मग दुसरे औषध, मग तिसरे, आणि सगळे हरल्यावर फुल्यांचे घर, असा त्यांचा क्रम होता. वीस वर्षांत आलेल्या पस्तीसजणी म्हणजे ज्यांच्या भीतीपेक्षा निकड मोठी ठरली त्या. ज्या आल्याच नाहीत त्यांची गणती कोणाकडे नाही. १८८१ मध्ये सुरतेला विजयालक्ष्मी नावाच्या विधवेवर असाच खटला झाला आणि त्यावरून वर्तमानपत्रांत जे लिहून आले त्याने संतापून ताराबाई शिंदे यांनी ‘स्त्रीपुरुष तुलना’ लिहिली. म्हणजे अठरा वर्षांनंतरही गोष्ट तिथेच होती.

याच घरात १८७४ च्या सुमारास आणखी एक विधवा बाळंत झाली. योगायोग असा की तिचेही नाव काशीबाई. तिच्या मुलाला सावित्रीबाई आणि जोतीरावांनी दत्तक घेतले आणि त्याचे नाव यशवंत ठेवले. पुढे तो डॉक्टर झाला. स्वतः बाळंत न झालेली बाई वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी तान्ह्या मुलाची आई झाली, तीही समाजाने ज्या मुलाला जगूच दिले नसते त्याची.

यशवंत तीन वर्षांचा असताना सावित्रीबाई जुन्नर तालुक्यात होत्या. १८७६ चा पाऊस बुडाला आणि दख्खनेत मोठा दुष्काळ पडला. २० एप्रिल १८७७ चे त्यांचे पत्र ओतूरहून लिहिलेले आहे. ओतूर हे सत्यशोधकांचे ठाणे. तिथून माळशेज घाटाच्या वाटेला लागले की उदापूर, डिंगोरे, मढ ही गावे येतात आणि घाट उतरला की कोकण. आज या पट्ट्यात पिंपळगाव जोगा धरणाचे पाणी आहे, ऊस आहे, टोमॅटो आहे. त्या उन्हाळ्यात मात्र याच मुलखात गुरे चाऱ्यावाचून पडत होती, आणि पोटामागे गाव सोडणारी काही माणसे पोरांना किंवा म्हाताऱ्यांना मागे ठेवून जात होती. सावित्रीबाईंनी हे पत्रात लिहिले आहे. आयांना दोष मात्र दिलेला नाही.

वैद्यकशास्त्रही तो देत नाही. उपाशी बाईचे दूध बराच काळ टिकते, कारण शरीर आधी स्वतःला झिजवते. अंगातली साठवण संपली की पाळी थांबते, दूध आटते, आणि त्याच्याबरोबर आणखी काहीतरी विझते. बाई बोलेनाशी होते, मूल रडले तरी उठत नाही. बघणाऱ्याला ती निर्दय वाटते. उपासमारीने येणारी ही सुन्न अवस्था आहे, आणि अन्न मिळाले तर ती बहुतेकदा ओसरते. दुष्काळात मुले टाकून गेलेल्या आयांना अन्न आधी मिळाले असते तर त्यांतल्या बऱ्याच गेल्या नसत्या.

अन्नाचीच लढाई तिथे चालली होती. सावकारांच्या वागण्याने चिडलेल्या लोकांवर पोलीस तुटून पडले आणि पन्नासेक सत्यशोधक पकडले गेले. सावित्रीबाईंनी कलेक्टरला भेटून त्यांची बाजू मांडली. माणसे सुटली आणि लोकांची दशा पाहून कलेक्टरने ज्वारीच्या चार बैलगाड्या पाठवल्या. ही हकिकत त्यांनी पत्रात सविस्तर दिली आहे. शाळामास्तरीण म्हणून ओळखली जाणारी बाई परमुलखात, नवरा जवळ नसताना, कलेक्टरशी बोलून धान्याच्या गाड्या सोडवून आणते. कोणत्याही आपत्तीत आरोग्यसेवकाला हे काम औषधाच्या आधी करावे लागते. पुण्याजवळ धनकवडीला दुष्काळातल्या मुलांसाठी बालाश्रम निघाला, तिथल्या मुलांच्या जेवणाची व्यवस्थाही त्याच वर्षातली.

पुढची वर्षे कष्टाची गेली. १८८८ मध्ये जोतीरावांना अर्धांगवायूचा झटका आला आणि उजवी बाजू गेली. डॉ. विश्राम रामजी घोले यांनी उपचार केले. जोतीराव डाव्या हाताने लिहू लागले. २८ नोव्हेंबर १८९० रोजी ते गेले, तेव्हा अंत्ययात्रेत टिटवे सावित्रीबाईंनी धरले. दत्तक मुलाला तो मान द्यायला भाऊबंदांची हरकत होती म्हणून. त्यानंतर सत्यशोधक समाजाचे काम त्यांनी पाहिले. १८९३ मध्ये सासवडच्या परिषदेच्या त्या अध्यक्ष होत्या.

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी गाठीच्या तापाचे रुग्ण ओळखले. हिवाळ्यात प्लेग पुण्यात आला. प्लेगचा जंतू दोनच वर्षांपूर्वी हाँगकाँगमध्ये सापडला होता. तो उंदरावरच्या पिसवांतून माणसात येतो हे पॉल लुई सिमाँ याने दाखवून दिले ते १८९८ मध्ये. हाफकिन यांनी मुंबईत आपली लस स्वतःला टोचून घेतली १० जानेवारी १८९७ ला, पण ती लोकांपर्यंत पोचायची होती. रोग झाल्यावर देण्यासारखे औषध कोणाकडेच नव्हते. स्ट्रेप्टोमायसिन यायला अजून जवळजवळ पन्नास वर्षे होती.

४ फेब्रुवारी १८९७ ला साथरोग कायदा झाला. हाच कायदा २०२० मध्ये कोविडच्या साथीतही वापरला गेला, हे अनेकांना आठवत असेल. ९ फेब्रुवारीला सत्यशोधक कामगार पुढारी नारायण मेघाजी लोखंडे मुंबईत प्लेगनेच गेले. पुण्यात प्लेगपेक्षा इस्पितळाची धास्ती मोठी होती. तिथे नेलेला माणूस परत येत नाही, जातपात बुडते, बायकांच्या अंगाला परके हात लागतात. म्हणून ताप आला तरी सांगायचे नाही. गाठीवर लेप लावायचा, डाग द्यायचा, कोणी सांगेल तो काढा पाजायचा, आणि माणूस माळ्यावर किंवा आतल्या खोलीत लपवायचा. घरात दुखणे लपवायचे ठरले की ते लपवण्याचे काम बाईकडे येते. तिनेच उशाशी बसायचे, तिनेच लेप वाटायचा, मूल अंगावर असेल तर तसेच पाजायचे, आणि शेजारणीने विचारले तर काही नाही म्हणून सांगायचे.

कोविडच्या दोन वर्षांत हे चित्र वेगळ्या कपड्यांत परत दिसले. तपासणी केली तर घराला पट्टी लागेल, बाळ आपल्यापासून वेगळे ठेवतील या भीतीने अनेक बाळंतिणी ताप अंगावर काढत राहिल्या. सुरुवातीला काही रुग्णालयांनी खरोखरच नवजात बाळांना आईपासून दूर ठेवले. आई आणि बाळ एकत्रच असावे हा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला सगळीकडे पोचायला वेळ लागला. मोबाइलवर फिरणाऱ्या यादीतून अॅझिथ्रोमायसिन, आयव्हरमेक्टिन, कधी थेट स्टिरॉइड घेतले गेले, आणि स्टिरॉइडच्या बेसुमार वापराची किंमत २०२१ मध्ये म्युकरमायकोसिसच्या रूपाने दिसली. झोप लागत नाही म्हणून दुसऱ्याच्या चिठ्ठीवरची झोपेची गोळी, तीही अंगावर पाजताना. गर्भपाताच्या गोळ्या दुकानातून आणून घरी घेणे हे तर साथ नसतानाही चालते, आणि अतिरक्तस्राव झालेली बाई अजूनही उशिराच येते, कारण घरात कोणाला सांगायचे नसते. १९७१ च्या कायद्याने गर्भपात मिळतो, नाव गुप्त ठेवणे डॉक्टरवर बंधनकारक आहे. पण भिंतीवर तशी जाहिरात डकवलेली फारशी दिसत नाही. बाळंतपणानंतर पहिले काही दिवस रडू येणे सामान्य आहे. ते दोन आठवड्यांहून जास्त टिकले, बाळाबद्दल काहीच वाटेनासे झाले, किंवा स्वतःला वा बाळाला इजा करण्याचे विचार येऊ लागले तर तो आजार आहे आणि त्यावर उपचार आहेत. बाळंतीण अचानक असंबद्ध बोलू लागली, झोपच घेईना, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. सरकारची टेलिमानस ही फोनसेवा १४४१६ या क्रमांकावर मराठीतही बोलते.

सावित्रीबाई तेव्हा सहासष्ट वर्षांच्या होत्या. लष्करात डॉक्टर असलेल्या यशवंताला त्यांनी बोलावून घेतले आणि हडपसरजवळ ससाणे मळ्यात प्लेगच्या रुग्णांसाठी दवाखाना सुरू केला. यशवंताच्या सासुरवाडीची ती जमीन, शहराबाहेर, मोकळ्या हवेत. मोकळ्या, उंदीर नसलेल्या जागी माणसे हलवणे हा त्या काळात करता येण्यासारखा सर्वांत शहाणा उपाय होता, जरी त्याचे कारण पुढच्या वर्षी कळणार होते. औषध म्हणून पाणी, पेज, ताप उतरवण्याचे उपाय आणि जवळ बसणारे माणूस, एवढेच देता येण्यासारखे होते. रुग्ण आणायला त्या स्वतः जात. दारात शिपाई आला की माणसे दार लावून घेत. ही बाई आली तर उघडत. बालहत्या प्रतिबंधक गृहात जन्मलेले मूल तिथे डॉक्टर होते.

मार्चच्या सुरुवातीला मुंढव्याच्या महारवाड्यात पांडुरंग बाबाजी गायकवाड यांच्या मुलाला गाठ आल्याचे त्यांना कळले. त्या गेल्या, मुलाला पाठीवर घेतले आणि दवाखान्यापर्यंत चालत आणले. त्या मुलाला बरे वाटले. सावित्रीबाईंना ताप चढला. मुलाच्या अंगावरून आला, त्याच्या पांघरुणातल्या पिसवेने आणला, की आधीच्या रुग्णांपैकी कोणाकडून, हे सांगणे आज शक्य नाही. १० मार्च १८९७ च्या रात्री नऊ वाजता त्यांचे निधन झाले.

तीन दिवसांनी, १३ मार्चला, रँड यांच्या प्लेग समितीने गोऱ्या सैनिकांकडून पुण्यात घरोघर झडत्या सुरू केल्या आणि लोकांनी आजारी माणसे आणखी आतल्या खोलीत नेली.